दाराबाहेरच्या चपला

आमच्या गल्लीत नवरे कमी आणि नवऱ्यांच्या चपला जास्त होत्या. कुणाचा वारलेला, कुणाचा दुसरी करून बसलेला, कुणाचा काम शोधायला गेला तो गेलाच. पण प्रत्येक दाराबाहेर पुरुषाच्या चपलांचा एक जोड हवाच, हा तिथल्या बायकांनी आपसांत ठरवलेला कायदा. एकीनं तर तारेवर पँटही टांगली होती. दुष्काळात ती धुवायला पाणी कुठलं? महिनोन्‌महिने ती नुसती वाळतच राहिली.

गंगापूरकडं सलग दोन वर्षं पाऊस फिरकला नाही, तेव्हा आम्ही शहरात आलो. शहर वाढत होतं, बांधकामावर बायांना काम मिळायचं. पहिल्याच उन्हाळ्यात वडील काविळीनं गेले. आईनं कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्रही काढलं नाही. मला तेवढं बजावलं, "कुणी इचारलं तर बाप कंपनीत हाय म्हणायचं. रातपाळीला." मी तेव्हा दहा वर्षांची होते. हे खोटं बोलायला मला अजिबात जड गेलं नाही. उलट बरंच वाटायचं.

एका सुट्टीच्या दुपारी आईच्या कामावरचा मुकादम आमच्या दारात येऊन उभा राहिला. हा माणूस आईला मुद्दाम एकटीला इमारतीच्या मागच्या बाजूला विटा वाहायला लावतो, हे मी तिच्या आणि खालाच्या कुजबुजीतून ऐकलं होतं. खाला म्हणजे समोरच्या झोपडीतली म्हातारी.

"नवऱ्याला बोलव," तो आईला म्हणाला. "त्याला बी कामावर घेतो. दोघांची मजुरी घरात यील."

"झोपलेत. रातपाळी करून आलेत."

"झोपू दे की. मला कुठं घाई हाय?" असं म्हणून तो दारातल्या दगडावर बसला.

दाराला नुसता पोत्याचा पडदा. आत मी एकटी. जमिनीवर गोधडी पसरलेली होती आणि तिच्यात माणूस झोपलाय असं कसं दाखवावं, याचा मी विचार करत होते.

"ह्या त्याच्याच चपला न्हवं?" त्याचा आवाज आला. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. त्यानं एक चप्पल उचलून तिच्या तळावरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. त्या वर्षी शहरभर धूळ होती, आम्ही भाकरीबरोबर धूळ खात होतो. तो हसला. "लई सोवळा हाय गं तुझा नवरा. जमिनीला पाय लावीत नाय का काय?"

ते माझं काम होतं. रोज शाळेतून आल्यावर मी त्या चपला परकराच्या टोकानं पुसायचे, तळासकट. वडिलांच्या होत्या म्हणून. त्या दिवशी सुट्टी, म्हणून सकाळीच पुसल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो उठला आणि त्यानं पडद्याला हात घातला.

"ए मियाँ!" खाला समोरून कडाडली. "किसके घर में घुसरा तू? उसका मरद इधर सोया मेरे घर में, उधर पत्रा तपता करके. उठाऊँ क्या? पूछेंगा तेरेकू, कायकू आया बोलके!"

तिच्या आवाजानं गल्लीतले पडदे एकेक करून बाजूला झाले. बाया आल्या आणि आमच्या दारात बसल्या. एकीनं ज्वारी निवडायला घेतली, बाकीच्या नुसत्याच बसल्या. त्याच्याशी कुणीच बोललं नाही. त्यानं चप्पल टाकली आणि निघाला. जाताना मात्र खालाच्या दाराकडं बघून पुन्हा हसला. त्याला सगळं कळलं होतं.

बाया दिवेलागणीपर्यंत हलल्या नाहीत. त्या उठून गेल्यावर आई म्हणाली, "उद्यापासनं त्या कामावर जायचं नाय. चितेगावकडं बघते काय मिळतंय का." मग माझ्याकडं वळली. "चपला तू पुसल्यास?"

"व्हय," मी म्हणाले आणि मार खायला तयार झाले.

तिनं हात उचलला नाही. "मी रोज पहाटं त्यांला माती लावायची," ती म्हणाली. "सांजच्याला बघावं तर पुसलेल्या. तूच पुसतीस, मला ठाऊक व्हतं. पर बापाच्या चपला पुसू नको, असं पोरीला कोणत्या तोंडानं सांगू?"