पोळपाटाचा सैल पाय

"शब्द खिशात!" असं म्हणून बाई कमरेला काहीतरी खोचल्यासारखं करायच्या. साडीला खिसा नसतो, म्हणून. समोरची बारा-पंधरा पोरं मुकाट आपापल्या खिशात हात घालून बाहेर काढायची. तिथून पुढं तासभर बोलायचं नाही. गोष्ट सांगायची, पण डब्यानं, झाकणानं, कंगव्यानं, बादलीतल्या पाण्यानं.

तुम्ही म्हणाल, हे कसलं शिकवणं. मीही तेच म्हणालो होतो, आणि तेही त्यांच्या तोंडावर. "डबे बडवायला काय शिकवायचं? ते पोरांना येतंच."

"येतं ना, काका," बाई म्हणाल्या. "ते विसरू नयेत म्हणून शिकवते."

बाई कलकत्त्याला, सॉल्ट लेकमधल्या सरकारी क्वार्टरात तळमजल्यावर राहायच्या. त्यांचे यजमान साहेब, नोकरी बदलीची. आसपास मराठी घरं चार-पाच, पण शनिवारी चार वाजता बंगाली पोरंही यायची, एक बिहारी मुलगी यायची. कुणाची भाषा कुणाला धड येत नव्हती. माझी नात मनू इथंच जन्मली. शाळेत इंग्रजी, खेळताना बंगाली. माझ्याशी मराठी बोलायची, पण मोठ्या माणसाच्या चपला घालून चालल्यासारखी, अडखळत.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी शब्द खिशात घातले आणि मनू रडायला लागली. तिच्या फ्रॉकला खिसाच नव्हता. बाईंनी वर्ग थांबवला, सुईदोरा आणला आणि फ्रॉक तिच्या अंगावर असतानाच त्याला चिंधीचा खिसा लावून दिला. मग म्हणाल्या, "हं. आता घाल."

मी चौथी शिकलेला माणूस. हावड्याच्या एका लहान कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलो. बायको गेल्यापासून मला घरात बसवत नव्हतं. मनूला सोडायचो आणि तिथंच बाईंच्या व्हरांड्यात बसून राहायचो. एकदा आतल्या पंख्याचा आवाज ऐकून न राहवून ओरडलो, "बाई, बेअरिंग गेलंय त्याचं!" वर्गात सगळ्यांचे शब्द खिशात, आणि मी मधेच बोललेलो. पोरं खदखदून हसली. बाई बाहेर आल्या. मला वाटलं, आता हाकलतात.

"काका, तुम्ही तर आमच्यातलेच निघालात," म्हणाल्या आणि मला आत नेऊन पोरांच्यात बसवलं. तेव्हापासून बंगाली पोरं मला दादू, म्हणजे आजोबा, म्हणायला लागली.

त्यांचा एक नियम मला अजिबात पटायचा नाही. गोष्ट संपली की ऐकणाऱ्यानं काय ऐकलं ते सांगायचं, आणि त्याला चूक म्हणायचं नाही. एकदा दोघी मुलींनी हुगळीवरची बोट केली. बादलीत हात फिरवून पाणी, साखळी ओढून नांगर. न्यायला आलेले एका मुलीचे वडील म्हणाले, "मिक्सर." सगळे हसले. बाई म्हणाल्या, "छान. म्हणजे तुमच्या घरात कुणीतरी चटणी वाटतंय."

"बोटीला मिक्सर म्हटलं तरी चालतं?" मी विचारलं. "आमच्या कारखान्यात एक सूत चुकलं तर माल परत यायचा."

"इथं माल नाही, काका. माणसं आहेत," बाई म्हणाल्या. मला तेव्हा राग आला होता.

आता जे झालं ते सांगतो.

मनूची आजी गेली तेव्हापासून मनू आजी हा शब्द उच्चारत नव्हती. फोटोकडं बघायची नाही. सुनेनं विषय काढला की उठून जायची. आम्हाला वाटलं, लहान आहे, विसरली. वर्षाच्या शेवटी बाईंनी पोरांना सांगितलं, आपल्या घरातला असा एक आवाज आणा, की तो नसला तर घर तुमचं वाटणार नाही. मनूनं कुणाला न विचारता स्वयंपाकघरातून पोळपाट उचलला आणि पिशवीत घालून नेला.

त्या दिवशी मला ताप होता, सून सोडायला गेली. परत आल्यावर मनू माझ्याकडं बघेना. जेवायला बसली तर पाठ करून. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पोळपाट घेऊन स्वतः घरी आल्या.

"काका, याला काय केलंत?"

"दुरुस्त केला. एक पाय सैल होता. पोळी लाटताना टक टक वाजायचा. सरस घातला, वर स्क्रू मारला."

"कधी?"

"तेरावं झाल्यावर."

"काकूंनी सांगितलं होतं?"

"अकरा वर्षं सांगत होती. 'जगाची यंत्रं नीट करता, माझ्या पोळपाटाचा पाय तेवढा बघा.' मी आज बघतो, उद्या बघतो. ती गेली आणि मग बघितला."

बाई हसल्या आणि लगेच पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "काल मनूनं लाटणं फिरवलं. आवाज आला नाही. पुन्हा फिरवलं. मग खिशातून शब्द काढले आणि म्हणाली, आजोबांनी आजीचा आवाज बंद केला."

मी पोळपाट हातात घेतला. आयुष्यात माझं काम कुणी असं परत पाठवलं नव्हतं.

"आता काय करू?" मी म्हणालो.

"काय म्हणजे? बिघडवा."

त्या शनिवारी वर्गाच्या आधी दोन तास मी बाईंच्या व्हरांड्यात हत्यारं मांडली. स्क्रू काढला, सरस खरवडला. पाय हातात आला. परत बसवला तर खडखड वाजायला लागला. मनू भिंतीकडं तोंड करून बसलेली, डोळे मिटून. बाई म्हणाल्या, "माप तिच्या कानात आहे, काका."

मी पायाच्या खुंटीला दोरा गुंडाळला, खोबणीत घातला, लाटणं फिरवलं.

"नाही," मनू म्हणाली.

एक वेढा काढला.

"हा दाराचा आवाज आहे."

अर्धा वेढा घातला. लेथवर मी केसाएवढं माप काढलेलं आहे, पण हे माप माझ्या हातात नव्हतं. किती वेळा काढलं, किती वेळा घातलं, आठवत नाही. सहा वर्षांची पोर नाही, नाही म्हणत होती आणि मी हो बाई, हो बाई म्हणत होतो. मग एकदा लाटणं फिरवलं आणि तिनं डोळे उघडले. उठली, पोळपाट माझ्या हातातून घेतला आणि छातीशी धरून आत गेली.

चार वाजता तिची गोष्ट झाली. आईच्या काचेच्या बांगड्या हातात घालून ती लाटत बसली. टक, टक. बांगड्या वाजत होत्या. मग थांबली. दाराकडं कान केला. आणि खोकली. माझ्यासारखी खोकली, दोन लहान, एक लांब. ते झाल्यावर लाटणं भराभर चाललं, टकटकटकटक. पोरं हसली. पुन्हा थांबली. पुन्हा खोकली. ह्या वेळी लाटणं उचललं नाही. तशीच बसून राहिली. पुष्कळ वेळ.

"काका, काय ऐकलंत?" बाईंनी हळूच विचारलं.

मी म्हणालो, "मी घरी आलो."

मनूनं फ्रॉकच्या त्या चिंधीच्या खिशात हात घातला. "मग आजी म्हणायची, आधी हात धुवा," ती म्हणाली. आणि माझ्या मांडीवर येऊन बसली.

त्या रात्री जेवताना ती आजीबद्दल जे बोलायला लागली, ते अजून थांबलेलं नाही. निम्मं बंगालीत असतं. मी चूक म्हणत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. हावडा स्टेशनवर आम्ही पोरांना घेऊन गेलो. मला बाईंना सांगायचं होतं की तुमचे फार उपकार झाले. तीन दिवस मनात जुळवत होतो. गाडी हलायच्या आधी खिडकीशी गेलो, तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, त्यांचेही डोळे भरलेले. "शब्द खिशात, काका," म्हणाल्या आणि कमरेला खोचल्यासारखं केलं. गाडी गेली. ते शब्द माझ्याकडंच राहिले.

आता त्या क्वार्टरात नवीन साहेब आलेत. मी दुरुस्तीची कामं करतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं. परवा बोलावणं आलं, "काका, फाटक फार करकरतं, जरा तेल घाला." मी डबी घेऊन गेलो, मनू बरोबर होती. शनिवारी पोरं आत यायची तेव्हा हेच फाटक वाजायचं. ते वाजलं की बाई आतून सतरंजी झटकायच्या.

फाटक एकदा उघडलं, लावलं. मनूनं माझ्याकडं बघितलं.

"साहेब," मी म्हणालो, "आधी एक सांगा. हा आवाज तुमच्या घरात कुणाला हवा आहे का?"

साहेबांना काही कळलं नाही. मी डबी तशीच बंद खिशात टाकली आणि म्हणालो, विचारून ठेवा, मग येतो.