बंद झालेलं कार्ड

जालन्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी क्षयरोग्यांच्या नोंदी ठेवायचे. नवं शतक नुकतंच लागलं होतं. दर महिन्याला कॉम्प्युटरवरून औषध चालू असलेल्यांची गाववार यादी काढायची, आणि आमचे एक वयस्कर कार्यकर्ते, मी त्यांना काका म्हणायचे, ती घेऊन गोळ्या द्यायला जायचे.

त्या महिन्यात औरंगाबादहून एक माणूस येऊन प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकून गेला. यादी निघाली, नेहमीपेक्षा थोडी लांब. मला वाटलं, रोगी वाढले असतील.

जाफराबादकडून परतलेले काका माझ्या टेबलासमोर उभेच राहिले.

"मॅडम, ही बाई यादीत कशी?"

त्या गावाला ते पहिल्यांदाच गेले होते, आधी तिकडं दुसरा कार्यकर्ता जायचा. घरी बाईंचा म्हातारा नवरा भेटला. बाईंचं नाव घेतल्यावर तो म्हणाला, "हाय ना. नदीवर गेली, येईल इतक्यात. बसा." चहा झाला. काका तासभर बसले. निघताना सून गोठ्यापर्यंत मागं आली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाईला जाऊन वरीस झालं. मामा सगळ्यायला असंच सांगतेत."

मी कपाटातून बाईंचं कार्ड काढलं. बंद केलेलं होतं. कारण: मृत्यू. मग यादीतली बाकीची नावं ताडून पाहिली. बरे झालेले, गाव सोडून गेलेले, वारलेले, सगळे परत आले होते.

दोन दिवस मी या चुकीच्या मागे होते. जुन्या प्रोग्रॅममध्ये कार्ड चालू असेल तर शून्य आणि बंद असेल तर एक लिहिलं जायचं. यादी काढायला कॉम्प्युटरला दिलेली माझी आज्ञा, म्हणजे क्वेरी, म्हणायची, एकापेक्षा कमी असेल ते आण. नव्या आवृत्तीत 'बंद' म्हणजे वजा एक झालं होतं, आणि वजा एकही एकापेक्षा कमीच. 'फक्त शून्य' असं लिहिलं, तशी गेलेली माणसं यादीतून गेली.

पुढच्या महिन्यात तो म्हातारा स्वतःच एसटीनं दवाखान्यात आला.

"मागल्या बारीला तिच्या गोळ्या घेऊन मानूस आल्ता. आता का न्हाई?"

"बाबा, त्या तर..."

"पहाटं खोकती ती. मी ऐकतो ना. गोळ्या न्हाई म्हणून वाढून राह्यलं."

हे तो अगदी शांतपणे बोलला. बोलता बोलता त्याला ढास लागली, ती थांबेना. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. थुंकी तपासली. रोग त्यालाच होता, बराच आधीपासून.

सुनेला हे कळलं तेव्हा ती काकांना म्हणाली, "मामाचा खोकला आम्ही रोज ऐकायचो. पण कधी कधी एकामागं एक असे दोन वेगळाले आवाज यायचे. आम्ही कुणी बोललो न्हाई."

सहा महिने काकांनी त्याला न चुकता गोळ्या पोचवल्या. म्हातारा बरा झाला, अंगावर थोडं मांसही चढलं. शेवटच्या खेपेला त्यानं काकांना ओट्यावर बसवलं.

"औषध बराबर हाय तुमचं," तो म्हणाला. "आता घरात कुणीच खोकत न्हाई."

हे सांगताना त्याचा चेहरा बऱ्या झालेल्या माणसासारखा नव्हता, असं काका म्हणाले.