बमरोलीच्या अगाशीवर टोमॅटोची दहा झाडं

सुकलाल बमरोलीत बत्तीस वर्षं कापडाच्या लूमवर उभा होता. अमळनेरकडून आला तेव्हा मिसरूड फुटत होतं. बाहेर पडला तेव्हा लूमच्या खडखडाटानं डावा कान पार गेला होता आणि उजवा अर्धाच उरला होता. शेठनं नारळ हातात दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून सुकलालला काही कामच उरलं नाही. खाटेवर बसावं तर सून गायत्रीला केर काढता येईना. बोलावं तर समोरच्याला ओरडावं लागे, म्हणून घरची माणसं कामापुरतीच बोलू लागली.

दिवाळी झाल्यावर त्यानं घरमालकीण जशुबेनकडे अगाशीवरची, म्हणजे गच्चीवरची, जागा मागितली. टोमॅटो लावायचे होते.

जशुबेन त्याच्या उजव्या कानाशी येऊन ओरडल्या, "सुकलालभाई, उत्तरायणला माझे सगळे मेहमान पतंग उडवायला वर येतात. तोपर्यंत फळ धरलं तो रहेशे, नहीं तो अगाशी खाली!"

सुकलालनं मान डोलावली. चलथाणच्या ओळखीच्या माणसाकडून उसाच्या चोथ्याचं कुजलेलं खत आणलं, मातीत मिसळून दहा गोणपाटं भरली. रोपं पहिल्या पानांपर्यंत खोल पुरली, कारण मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात. सकाळी बुडाशी पाणी, पानांवर थेंब नाही. पानांच्या बगलेतले फुटवे तो नखानं खुडून टाकी. अगाशीवर बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे ऐकू न येण्याचाही त्रास नव्हता. महिनाभरात माणूस सुधारला. जेवताना दोन घास जास्त खाऊ लागला.

झाडं गुडघ्याच्या वर गेल्यावर त्यानं बांबूच्या काठ्या रोवल्या आणि कारखान्यातून आणलेल्या पॉलिस्टरच्या उरल्यासुरल्या धाग्यानं खोडं बांधली. तुटलेला धागा लूम थांबायच्या आत सांधणारी बोटं ती. गाठ अशी बसली की वाऱ्यानं पान हलेल, खोड नाही.

डिसेंबरच्या मध्यावर शेंडे माना टाकू लागले. सुकलालनं पाणी वाढवलं. झाडं आणखी लवली. कडुनिंबाचा काढा फवारला. काही फरक नाही. झाडं वाकतात म्हणून त्यानं वर आणखी एकेक गाठ मारली. दोन झाडं वाळून गेली, मग आणखी दोन. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, तीन आठवड्यांवर आली होती.

"पप्पा, बाजारातून लाल टोमॅटो आणून लटकवा," गायत्री मोठ्यानं म्हणाली. "जशुबेनला चष्म्याशिवाय कुठे दिसतंय?"

"मी खोटा माल कधी विणला नाही," एवढंच बोलून तो वर गेला.

त्या दिवशी त्याची बायको प्रमिलाबाई धुणं वाळत घालायला वर आली होती. माहेरी तिचं लहानपण वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यांत गेलेलं. तिनं वाकून एका खोडाला बोट लावलं, आणि कपाळावर हात मारला.

"हाई काय करी ठेवं तुम्ही? झाडले फाशी दिधी!"

सुकलालनं जवळ जाऊन पाहिलं. धागा सालीत रुतून बसला होता. त्याच्या वर खोड सुजलेलं, खाली सुकलेलं.

"मनी गाठ कधी सुटनी नही," आपल्या बोटांकडे बघत तो पुटपुटला.

"तेच ते! सुटनी नही म्हनीसन मरी राहिनात. खोड जाड व्हस. तुमना दोरा व्हस का?"

तिनं दोरीवरचं जुनं सुती पातळ ओढलं आणि टराटरा फाडलं. सुकलालनं ब्लेडनं एकेक धागा कापला. पातं आणि खोड यांत जेमतेम केसाचं अंतर होतं. मग दोघांनी पट्ट्या बांधल्या, खोडाभोवती दोन बोटं जातील इतक्या सैल. त्याच्या हाताला ते काम चुकल्यासारखंच वाटत होतं. दोनदा त्यानं सवयीनं गाठ आवळली, दोनदा प्रमिलाबाईनं हातावर चापट मारली.

सहा झाडं सावरली. फुलं गळायची थांबली, फळं धरली. पण जशुबेन उत्तरायणच्या आदल्या दिवशी वर आल्या तेव्हा एकही लाल नव्हतं. सुकलाल हात जोडून उभा राहिला.

"लाल क्यारे थशे?"

खोटं बोलता आलं असतं. "अजून पंधरा-वीस दिवस, बेन. चूक माझी झाली. मीच आवळून बांधली होती."

जशुबेननं एक हिरवं फळ अंगठ्यानं दाबलं, पानाचा वास घेतला. मग पदर पुढे धरला. "अरे, काचा टामेटानुं शाक, हिरव्या टोमॅटोची भाजी, तर माझे मेहमान बोटं चाटून खातात! फळ लागलं म्हणजे लागलं. झाडं टाकीच्या भिंतीकडे सरकव. पण आत्ता मला किलोभर दे."

सगळ्यात भरलेली फळं सुकलाल लाल व्हायची वाट पाहत राखून होता. तरी त्यानं एकेक फळ हलकेच पिरगाळून, देठासकट, फांदीला धक्का न लावता काढलं आणि पदरात टाकलं.

त्या गेल्यावर वर आलेल्या प्रमिलाबाईनं टाकीकडे न्यायला एक गोणपाट धरलं. "चला, उचला दुसरी बाजू."