आवळून धर तरी…

ओतूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होते, तेवढ्यात आयसीयूत माझ्याबरोबर नर्स असलेल्या मैत्रिणीचा फोन आला, "अगं, गेली तुझी आत्या." ड्युटी संपवून मी नुकतीच तिच्या खाटेपासून निघाले होते. खरं सांगू, आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच भीती वाटली…

डिंभ्याची माझी सुंदरआत्या बाळंतिणींची पोटं बांधायची. जुन्या लुगड्याची पट्टी, तिचा गुडघा आणि आपला कोंडलेला श्वास! माझ्या बाळंतपणात मी नर्स असल्याच्या तोऱ्यात कुरकुरले, तर म्हणाली, "गप ऱ्हा. आत्ता बांधलं न्हाई तर जलमभर ढेरी मिरवशील." पोटाच्या कुठल्याही दुखण्याला तिच्याकडे औषध एकच, आवळणं.

म्हणूनच स्वादुपिंडाला सूज येऊन तिचं स्वतःचं पोट फुगलं, तेव्हा तिनं ते करकचून बांधलं आणि घरीच पडून राहिली. दवाखान्यात आणल्यावर ती पट्टी मीच कापली. खाली पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं.

अशा पोटातला दाब आम्ही मोजतो. पेशंटला सपाट निजवायचं, लघवीच्या नळीतून थोडं सलाईन सोडायचं, श्वास बाहेर गेला की आकडा वाचायचा. दर वेळी आकडा चढलेलाच. दाब वाढला की मूत्रपिंडं दबतात, फुप्फुसांना जागा उरत नाही. लघवीची पिशवी रिकामी दिसली की नळी कुठं दुमडलीय का ते मी पुन्हा पुन्हा बघायचे. नाकातल्या नळीनं पोट हलकं करणं, उशाकडची बाजू जराशीच उचलणं, सगळं चालू होतं. पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं, आणि त्याचंच भय होतं. शिकले नसते तर देवाला हात जोडून बसले तरी असते.

एका दुपारी तिनं माझं मनगट धरलं. "पोट फुटंल गं माझं. बांध की. तुला येतंय न्हवं?"

"नाय आत्या. बांधलं तर दम कोंडंल तुझा."

"लई भ्या वाटतंय गं… आवळून धर तरी."

मी धरलं नाही. डॉक्टरांनी पोट उघडून दाब मोकळा केला, जखम उघडीच ठेवली. व्हेंटिलेटर लागला, तो निघालाच नाही. मी केलं ते बरोबर होतं, हे मला कळतं. कळून काय करू?

आता असं पोट घेऊन कुणी आलं, की आकडा वाचायच्या आधी मी त्यावर तळहात टेकवते, भार न देता. पेशंटला वाटतं, सिस्टर तपासतायत. मी आत्यानं मागितलेलं देत असते, उशिरानं, दुसऱ्याच कुणाला.