झाकणावरचं वाच

तुमच्या जुन्या गाडीला ब्रेकचं कोणतं तेल लागतं, हे तुम्ही स्वतः कधी वाचलंय? मेकॅनिकला विचारलंय, असं सांगू नका. वाचलंय का?

आमच्या गल्लीतल्या सिस्टरांनी मला पहिल्याच भेटीत हे विचारलं. बॉनेट उघडं, चष्मा कपाळावर, पदराच्या टोकाने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण पुसणं चाललेलं. "झाकणावर लिहिलंय. वाच. मोठ्याने." मी वाचलं, डॉट थ्री. मग दुकानातून आणलेला सीलबंद डबा त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. त्यावरही तेच निघालं, तेव्हा कुठे सील तुटलं. सरकारी दवाखान्यात नोकरीभर त्यांनी दुसऱ्या नर्सकडून लेबल मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय सुई भरली नव्हती. निवृत्त झाल्यावर तीच शिस्त त्या पांढऱ्या, म्हाताऱ्या गाडीला लागली. इंजिनात नवं पातळ ऑइल घाला, असं कुणी सुचवलं की म्हणायच्या, "आजीला नातवाचा डोस देता का?"

गाडी मिरवायला नव्हती. पेठकडच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायांना त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशकात आणायच्या आणि घाटातून परत घरी सोडायच्या.

एका दसऱ्याला सिस्टरांच्या पुतण्याने हौसेने गाडी धुतली, झेंडूचा हार घातला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळी तेलं बदलून आणली. त्याच आठवड्यात डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या दोघीजणी मागे बसल्या होत्या. निघण्याआधी सिस्टरांनी सवयीने झाकण उघडलं. तेल पिवळट हवं, ते लालसर. झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं. ब्रेकच्या आतली सगळी रबरं अशीच फुगली असणार आणि घाटात ब्रेक दगा देणार, हे त्यांना तिथेच कळलं. त्यांनी किल्ली काढली.

"सिस्टर, तुझी गाडी आजारी हाय काय?" मागून एकीने विचारलं.

"विष दिलंय तिला."

दोघींना माझ्या घरी बसवून आम्ही त्या दुकानात गेलो. दुकानातलं ब्रेकचं तेल संपलं होतं म्हणून मालकाने स्टेअरिंगचं तेल ओतलं होतं. तेल ते तेल, जुन्या गाडीला काहीही चालतं, असं तो आरामात सांगत होता. वर हसून म्हणाला, "पाड्यावरच्या बायाच न्यायच्यात ना सिस्टर, मंत्री थोडेच बसवायचेत?"

सिस्टरांचा आवाज चढला नाही, उतरला. "मुदत संपलेलं सलाईनही आमच्याकडे असंच यायचं. तिकडं चालतं म्हणून. मी ते कुणाला लावलं नाही."

बाया एसटीने गेल्या. ब्रेकची सगळी रबरं बदलेपर्यंत गाडी जागची हलली नाही. दुकान मात्र एक दिवसही बंद राहिलं नाही. आजही तिथे तेल ते तेलच आहे.

गेल्या वर्षी सिस्टर गेल्या. पुतण्याने गाडी मालेगावकडे कुणाला तरी विकली. कोणतं तेल घालायचं ते सांगितलंस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "जुनी गाडी. घेणारा बघून घेईल."

घेणारा बघत नाही. म्हणून तर ओतणारे आणि विकणारे निवांत झोपतात.

तेव्हा एक करा. आज संध्याकाळी स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडा. झाकण पुसा आणि त्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचा, दुकानदाराला ऐकू जाईल असं. सीलबंद डब्यावर तेच दिसल्याशिवाय एक थेंब ओतू देऊ नका. मागच्या सीटवर कोण बसणार आहे, हे त्याला नाही, तुम्हाला माहीत आहे.