धाकटीची हळद

सुट्टीत लोक काश्मीरला जातात, केरळला जातात. मी भिवंडीला गेलो. नाशिकहून एसटी सुटली तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "भिवंडीला काय काम काढलंत?" मी म्हटलं, लग्न आहे. काकांचा जीव भांड्यात पडला. बदली झाली असावी असं त्यांना वाटलं होतं.

कसारा घाट उतरलो, गारवा वरच राहिला, आणि पडघ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं सुरू झाली. आधी डोंगरांच्या मध्ये गोदामं, मग गोदामांच्या मध्ये डोंगर, मग नुसतीच गोदामं. आपण घरबसल्या जे जे मागवतो ते इथे मुक्काम करून येतं म्हणतात. म्हणजे माझ्या पायातल्या बुटांनी माझ्या आधी भिवंडी पाहिली होती.

रांजणोली नाक्यावर उतरलो. मला न्यायला बाळाराम येणार होता. बाळाराम पाटील वळ गावचा, माझ्याबरोबर डिप्लोमाला होता. पुढे मी नाशिकच्या एका कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या घेत बसलो आणि त्याच्या भाताच्या शेतांवर गोदामं उभी राहिली. भाडं येऊ लागलं तशी त्यानं कॉलेजातली हौस पुरवली. लाल, दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट लावून धावणारी गाडी घेतली. ती किती वेगानं पळू शकते हे तिच्या काट्यावर लिहिलेलं आहे. भिवंडीत तो आकडा फक्त वाचायचा असतो.

गाडी दिसण्याआधी मला ऐकू आली. ट्रकच्या रांगेमागून कुणी पाटीवर पेन्सिल उभी धरून ओढावी तसा आवाज येत होता. ब्रेक दाबला की आवाज, सोडला की बंद. आणि नाक्यावर ब्रेक दाबण्याशिवाय दुसरं काही करताच येत नाही.

"आयलास का दिल्या!" बाळारामनं दार उघडलं. डोक्याला फेटा, अंगात सफारी, डोळे तांबारलेले. आज त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, रसिकाचं लग्न होतं. कालची हळद मी चुकवली होती, आणि इकडे हळद चुकवणं म्हणजे लग्नच चुकवणं असं तो मला सुनावून मोकळा झाला.

गाडीत बसताना मी चमकलो. गाडी धुतलेली नव्हती. हा माणूस चहा प्यायला थांबला तरी खिशातलं फडकं काढून गाडी पुसतो. तिला तो "धाकटी" म्हणतो, रसिकाच्या पाठची म्हणून. आज लेकीच्या लग्नादिवशी धाकटीच्या अंगावर धूळ होती आणि बॉनेटवर पाच बोटांचा एक पिवळा पंजा उमटला होता.

"हे पुसायचं नाही का?"

"ऱ्हाऊ दे रं. शोभा हाय ती," तो म्हणाला आणि ब्रेक दाबला. पुढचं बोलणं ऐकू आलं नाही.

मांडवात पोचताच बाळारामच्या बायकोनं, वनितावहिनींनी मला गाठलं. पाणीबिणी नंतर. "भावजी, तुमी ब्रेकातलं मानूस हाय ना? मंग तुमीच सांगा यांना. म्हनतान, पोरीला सासरी मीच सोडनार, याच गाडीतशी. जावई मागच्या गाडीत बसंल. बरं, जावई गुनाचा, तो पन हो बोल्ला. पन सासर वज्रेश्वरीकडं, रस्ता तसला, आन् गाडी अशी केकाटते. ब्रेक बरोबर हाय असं तुमी बोल्लात तरच माझी पोर तिच्यात बसंल. न्हायतर जाईल नवऱ्यासंगं, समदी जातात तशी."

बाळारामनं माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत माझा पेपर बघताना तो असाच पाहायचा. लग्न दुपारी, पाठवणी दिवस मावळायच्या आत. तेवढ्यात मला धाकटीचा घसा साफ करायचा होता.

पहिलं काम म्हणजे ऐकणं. आम्ही काल्हेरच्या रस्त्यानं फेरी मारली. आवाज पुढच्या चाकांचा होता. त्याहून वाईट म्हणजे पाय दाबल्यावर गाडी जराशी विचार करून थांबत होती. नुसता आवाज असता तर मी हसून सोडून दिला असता. पुष्कळ गाड्यांचे ब्रेक ओरडतात आणि छान थांबतात. ही ओरडतही होती आणि थांबतही नव्हती.

"खडा असंल," बाळाराम म्हणाला. "रस्त्याचं काम चालू हाय ना, खडा गेला असंल आत."

खडा अडकला तर आवाज सतत येतो, ब्रेक दाबण्याची वाट पाहत नाही, असं मी सांगितलं. मग त्यानं धुळीचं नाव घेतलं. मग हवेचं. शेजारी खोळंबलेल्या कंटेनरच्या ड्रायव्हरनं वरून डोकं बाहेर काढलं. "सेठ, थोडा तेल मारो, चुप हो जाएगी!"

"ऐकलंस?" मी हसत म्हणालो. "तेल! ब्रेकला तेल लागलं तर संपलाच तो."

बाळाराम हसला नाही. समोर बघत गाडी चालवत राहिला.

परत आल्यावर मी म्हटलं, चाकं काढू. तो म्हणाला, आधी जेव. मी जेवलो. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि बिरडं (सोललेल्या कडव्या वालांची रसदार भाजी). दुसरी भाकरी मी मागितली नव्हती, तिसरीला नको म्हटलं होतं, दोन्ही आल्या. मग तो म्हणाला, जरा पड. एवढ्या आग्रहानं मला आजवर कुणी कामापासून दूर ठेवलं नव्हतं. शेवटी मीच जॅक उचलला आणि घरामागच्या त्याच्या गोदामात गाडी घेतली.

पुढचं चाक निघालं. ब्रेकचं गणित सोपं असतं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे पॅड. तबकडी आरशासारखी हवी. हिच्यावर कडेनं पिवळट, चिकट थर होता आणि पॅडची तोंडं काचेसारखी चकचकीत झाली होती.

"गंज हाय," बाळाराम पटकन म्हणाला.

"पिवळा?"

"इकडं खाडीची हवा. कसला पन गंज चढतो."

मी बोटं माखून नळावर गेलो आणि साबण लावला. हात कुंकू कालवल्यासारखे लाल झाले. गंजाला साबण लावा नाहीतर आंघोळ घाला, तो असा लाजत नाही. साबणानं लाल होते ती हळद.

नळापाशी काशीआत्या पाय धूत होत्या. त्या गावच्या धवळारीण (लग्नाचे विधी गाण्यांतून लावून देणारी बाई). माझे हात पाहून त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "काल मीच बोल्लू, घरातल्या समद्या पोरींना हलद लावा. मंग रसिका उठली, वाटी घेतली, आन् बोल्ली, माझी धाकटी ऱ्हायली. चारी चाकांना लावली पोरीनी, पार आतपर्यंत हात घालून. तेल बी मोप होतं. मी गानं पन गायलं. गाडीचं गानं न्हवतं, मंग करवलीचंच गायलं."

मी गोदामात परतलो आणि निदान जाहीर केलं. पॅडनी तेल प्यायलंय, बदलावेच लागतील.

"असं?" बाळाराम म्हणाला. त्याचं आश्चर्य फारच बेतशीर होतं.

अशा गाडीचे पॅड भिवंडीत ऐन वेळी मिळणार नव्हते. मी हात टेकणार तेवढ्यात तो घरात गेला आणि एक खोका घेऊन आला. खोक्यावर कुंकू, अक्षता, सुकलेलं झेंडूचं फूल. गाडी घेतानाच त्यानं पॅडचा जादा संच घेऊन ठेवला होता, दसऱ्याला पूजला होता, आणि तेव्हापासून तो देवघरातच होता. यंत्राचे सुटे भाग फडताळात ठेवतात हे मी कारखान्यात शिकलो होतो. प्रगती झाली की ते देवाशेजारी बसतात हे मला वळ गावात कळलं.

तबकड्या धुतल्या, पुसल्या, बारीक कागदानं घासल्या. चारी चाकांना नवे पॅड बसवले. जुने पिवळे पॅड मी गोदामाच्या भंगाराच्या पिंपात टाकले आणि हात झटकले.

नवे पॅड बसवून भागत नाही, तबकडीशी त्यांची ओळख करून द्यावी लागते. गाडी वेगात घ्यायची, ब्रेक दाबून वेग उतरवायचा, पण थांबायचं नाही. असं पुन्हा पुन्हा, मग निवू द्यायचं. वेगात! भिवंडीत! शेवटी गोदामांमधल्या सिमेंटच्या लांब खासगी रस्त्याची आठवण झाली. मालकाच्या घरी लग्न, म्हणून आज एकही ट्रक आत नव्हता. धाकटी आयुष्यात पहिल्यांदा पळाली, तीही थांबायला शिकण्यासाठी. फाटकावरचा पहारेकरी धावत आला. "रेस है क्या, सेठ?"

"न्हाय रे, शादी है!" बाळाराम ओरडला. पहारेकऱ्याचं समाधान झालं.

लग्न लागलं तेव्हा मी मांडवाच्या कडेला अक्षता आणि लाल नखं घेऊन उभा होतो. वनितावहिनींनी तिथूनच भुवया उडवून विचारलं. मी मान डोलावली. पुष्कळ वर्षं ब्रेक पास करत आलो, पण कागदावर सही करताना मला कधी घाम फुटला नव्हता.

उन्हं कलली तेव्हा रसिका आईच्या गळ्यात पडून रडली आणि लाल गाडीत वडिलांशेजारी बसली. मागच्या गाडीत नवरदेव, त्याचे मामा आणि मी. सगळ्या वाटेत बाळारामनं विनाकारण ब्रेक दाबले. मोकळ्या रस्त्यावर दाबले, म्हैस दूर शेतात असताना दाबले. मागचा लाल दिवा सारखा लागत होता आणि आवाज मात्र तीळभर नव्हता. "सासरेबुवा फारच जपून चालवतात," नवरदेव आदरानं म्हणाला. मामांनी घड्याळ पाहिलं.

पोरीला तिच्या घरी पोचवून परतताना धाकटीतली रिकामी जागा मला मिळाली. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडापाशी बाळारामनं गाडी उभी केली. आम्ही पाय सोडून बसलो. देवळातून आरतीची घंटा ऐकू येत होती.

"मना म्हाईत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"हलदीचं. ती लावत होती तवा मी तिथंच उबा होतो. पुसाला फडका पन हातात घेतला, खिशातला. पन नाय पुसली." फेटा काढून त्यानं मांडीवर ठेवला. "सकाली आवाज आला तवा वाटलं, खडा निगाला तर बरं. हलद काडाला नको."

दिवसभर ज्याच्यावर मी खूश होतो ते माझं निदान त्याला कालपासूनच ठाऊक होतं, आणि ते खोटं ठरावं म्हणून तो मला भाकरी वाढत राहिला होता. मला फार वाईट वाटलं. ब्रेक मात्र बरोबर होते. त्याबद्दल वाईट वाटून घेता येत नव्हतं.

"जुनं कुटं टाकलंस?" त्यानं विचारलं.

वळला पोचलो तेव्हा मांडवात खुर्च्या आवरत होते. बाळाराम घरात न जाता थेट गोदामात गेला आणि सफारीतच भंगाराच्या पिंपात कमरेपर्यंत वाकला. खिळे, पत्रे, पट्ट्या बाहेर पडू लागल्या. मी अस्तन्या सारून शेजारी वाकलो. एकेक करून सगळे पॅड सापडले. त्यानं ते धुतले नाहीत. फडक्यात गुंडाळले आणि देवघरात रिकाम्या झालेल्या खोक्यात ठेवले. वनितावहिनींनी पाहिलं आणि समईतली वात तेवढी पुढे सारली.

सकाळी त्यानं मला नाक्यावर सोडलं. गाडी गुपचूप थांबली. "झ्याक काम केलंस," तो म्हणाला आणि मी उतरलो तरी कितीतरी वेळ ब्रेकवरचा पाय त्यानं काढला नाही.

भिवंडीत बघण्यासारखं काय आहे, असं मला आता ओळखीचे लोक विचारतात. मी वज्रेश्वरीचं कुंड सांगतो, वालाचं बिरडं सांगतो. वळच्या एका देवघरात देवांच्या शेजारी धाकटीचे जुने पॅड आहेत, हळदीसकट. ते मी सांगत नाही.