जर्मन गावचा गिअर

माझ्या जिनिंगच्या फिटरने मला फसवलं. कापसाचा भाव पडून शेजारच्या दोन जिनिंगना कुलूप लागलं, त्याच हंगामात माझ्या गाठी बांधायच्या जुन्या जर्मन प्रेसचा गिअर तुटला. मी बजावलं, अस्सल हवा, प्रेसच्या पट्टीवर ज्या गावाचं नाव आहे तिथलाच.

महिन्याभराने त्यानं गोणपाटात गुंडाळलेला गिअर आणला, आणि त्यासोबत त्या गावाचा इतिहासही. बोलताना तो डोळे मिटतो आणि पान्याने हवेत नकाशा काढतो. "भाऊ, लहानसं गाव हाय. खाली नदी, वर द्राक्षाची टेकडी. लढाईत दोनदा जळलं, पन भट्टी इझू देली नाही त्याहीनं." ऐकता ऐकता माझा चहा गार व्हायचा. मग तेच गाव मी दारव्ह्याच्या बाजारात दहा व्यापाऱ्यांना ऐकवलं.

परवा इथल्याच लोहारा गावातल्या एका फाउंड्रीत त्याच गिअरचा लाकडी साचा दिसला, जर्मन अक्षरांसकट. फिटर तिथेच होता. मी आवाज चढवला, तर तो हात पुसत म्हणाला, "लोहाऱ्याचा मनलं असतं, तं तुमी बसवू देला असता काय?"

नसता दिला. गिअर अजून एकदाही कुरकुरला नाही, तेही कबूल. पण त्या गावातलं खरं किती आणि याच्या डोक्यातलं किती, हे मला अजून ठाऊक नाही. व्यापाऱ्यांना तोंड मला दाखवायचं आहे. त्यानं माझ्यासोबत दारव्ह्याला यावं आणि सगळ्यांसमोर याचं उत्तर द्यावं.